फितीवर उरलेला चित्रपट : आरंभीच्या डिजिटल चित्रपटांचा संग्रह आणि समीक्षेची जबाबदारी

प्रस्तावना

चित्रपटाचा इतिहास लिहिताना 'सेल्युलॉइडचे युग' आणि 'डिजिटल युग' अशी दोन दालने पाडण्याची प्रथा आता पुरेशी रूढ झाली आहे. या दोन दालनांना जोडणारा जो अरुंद बोळ आहे, त्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. साधारणतः १९९५ ते २००५ या दशकात असे अनेक चित्रपट निर्माण झाले, की जे डिजिटल कॅमेऱ्याने टिपले गेले, घरगुती संगणकावर संकलित झाले आणि तरीही प्रेक्षकाच्या हाती पडले ते व्हीएचएस कॅसेटच्या रूपाने. त्यांतील मोजके चित्रपट पुढे सन्मानाने अभिजातांच्या पंक्तीत जाऊन बसले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना ना चित्रपटगृह मिळाले, ना समीक्षकाची दोन ओळींची दखल. आज त्यांतील एखादा पाहावयाचा असेल तर अभिलेखागाराचे नव्हे, कुणा संग्राहकाच्या कपाटाचे दार ठोठवावे लागते.

या संग्राहकाकडे विद्यापीठीय समीक्षेने आजवर कौतुकमिश्रित उपेक्षेनेच पाहिले आहे. टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांचे छाप गोळा करणाऱ्यांच्या रांगेत त्यालाही उभे केले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. अप्रसिद्ध डिजिटल चित्रपटांच्या कॅसेट जमविणे ही मुळात मूल्यनिर्णयाची, म्हणजेच समीक्षेची कृती आहे. तथापि ती अपुरी समीक्षा आहे आणि ती पुरी करण्याची जबाबदारी अभ्यासकांवर येऊन पडते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

'डिजिटल' आणि 'फीत'

'डिजिटल' आणि 'फीत' हे दोन शब्द परस्परविरोधी आहेत, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या डीव्ही पद्धतीत चित्राचे रूपांतर आकड्यांत होत असे हे खरे; परंतु ते आकडे नोंदविले जात ते ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या चुंबकीय फितीवरच. त्याच वर्षी आलेला सोनी कंपनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा एका हातात धरून चालविता येई आणि तारेने संगणकाला जोडला की फितीवरील चित्र कोणतीही घट न होता संगणकात उतरे. चित्रपटनिर्मितीच्या अर्थकारणात या एका तारेने जी उलथापालथ केली, तिची तुलना मुद्रणाच्या इतिहासातील एखाद्या स्वस्त यंत्राशीच करता येईल. निगेटिव्ह, प्रयोगशाळा, संकलनाचे भाड्याचे टेबल हे सारे खर्च एकदम गळून पडले.

पण चित्रपट तयार होणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ मध्ये आली खरी. परंतु भाड्याने नेल्या जाणाऱ्या डीव्हीडींनी तेथे कॅसेटना मागे टाकण्यास २००३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात नवख्या दिग्दर्शकापुढे सोपा मार्ग एकच होता. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून कॅसेटच्या प्रती काढाव्यात, वेष्टन छापून घ्यावे आणि टपालाने पाठवाव्यात. या व्यवहारात चित्राची मोठी हानी होई. डीव्ही पद्धतीत सुमारे ५०० आडव्या रेषांइतका तपशील मिळतो. व्हीएचएसमध्ये तो सुमारे २४० वर येतो. म्हणजे निम्म्याहून अधिक तपशील सोडून देऊनच हे चित्रपट जगासमोर आले.

सेल्युलॉइडच्या चित्रपटाला निगेटिव्ह नावाचे मूळ असते आणि इतर साऱ्या प्रती त्याच्या संततीसारख्या असतात. या चित्रपटांचे मूळ म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डीव्ही कॅसेट. तीही पुसून पुन्हा वापरता येण्याजोगी. पैशाची चणचण असलेल्या माणसाने ती पुन्हा वापरली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. जेथे असे घडले तेथे कनिष्ठ प्रत मानली गेलेली व्हीएचएस कॅसेटच चित्रपटाची एकमेव संहिता ठरते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. मूळ पोथी गहाळ झाली की नकलेलाच प्रमाण मानून पाठनिश्चिती करावी लागते.

'द लास्ट ब्रॉडकास्ट' : फितीविषयीचा चित्रपट

या काळातील एका चित्रपटाचा येथे विस्ताराने विचार करणे उपयुक्त ठरेल. स्टीफन अ‍ॅव्हलॉस आणि लान्स वीलर यांचा 'द लास्ट ब्रॉडकास्ट' (१९९८) हा अवघ्या ९०० डॉलरांच्या आसपास तयार झालेला आणि घरगुती संगणकावर संकलित केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट. ऑक्टोबर १९९८ मध्ये तो उपग्रहाच्या साहाय्याने अमेरिकेतील पाच चित्रपटगृहांत एकाही सेल्युलॉइड प्रतीविना दाखविला गेला. वितरणाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे. तरीही पुढच्याच वर्षी आलेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने अरण्यात हरवलेले चित्रकार आणि सापडलेल्या फिती या कल्पनेवर सुमारे २५ कोटी डॉलरांचा गल्ला जमविला आणि 'द लास्ट ब्रॉडकास्ट' त्या यशाच्या सावलीत गेला. तो आज ओळखीचा आहे तो प्रामुख्याने संग्राहकांच्या वर्तुळात.

चित्रपटाचे कथानक असे : स्थानिक केबल वाहिनीवर गूढ घटनांचा कार्यक्रम करणारे दोघे तरुण 'जर्सी डेव्हिल' या लोककथेतील प्राण्याच्या शोधात न्यू जर्सीतील पाइन बॅरन्सच्या अरण्यात जातात आणि मारले जातात. बरोबर गेलेल्या जिम सुअर्ड या विक्षिप्त तरुणावर खटला चालतो आणि तो दोषी ठरतो. डेव्हिड ली नावाचा माहितीपटकार या निकालावर शंका घेऊन नव्याने तपास करू लागतो. एके दिवशी त्याच्याकडे चुरगळलेल्या, तुटलेल्या फितींची एक पेटी येते. मिशेल मोनार्क ही तंत्रज्ञ त्या फितीतील एकेक चौकट संगणकावर जुळवत जाते. धूसर ठिपक्यांतून हळूहळू खुन्याचा चेहरा उमटू लागतो. तो चेहरा स्वतः माहितीपटकाराचाच असतो.

शेवटाकडे होणारा हा उलगडा रहस्यकथेची चलाखी म्हणून बाजूला सारता येईल आणि काही प्रेक्षकांनी तो तसा सारलाही. परंतु येथे घडणारी आणखी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. तोवर संपूर्ण चित्रपट माहितीपटाच्या रूपात, म्हणजे लीच्या आवाजात आणि लीच्या निवडीतून उलगडत असतो. उलगड्याच्या क्षणी मात्र कॅमेरा त्याच्या हातून सुटतो आणि तटस्थपणे, बाहेरून, त्यालाच पाहू लागतो. निवेदनाचा प्रथमपुरुष गळून तृतीयपुरुष सुरू होतो. पुरावा गोळा करणारा, तो जुळविणारा आणि त्यावरून दुसऱ्याला दोषमुक्त करू पाहणारा माणूस स्वतःच गुन्हेगार असणे हा आरोप एका पात्रापुरता राहत नाही. संकलकाच्या टेबलावर सत्य 'सापडत' नसते, ते 'रचले' जाते, हे विधान दिग्दर्शकद्वयाने नऊशे डॉलरांत केले आहे. आपल्याकडे वृत्तवाहिन्यांचा सुळसुळाट होण्यापूर्वी हे विधान झाले, हेही ध्यानात घ्यावे.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. मधल्या भागातील मुलाखती एकसुरी आहेत, अभिनय हौशी पातळीवरच घुटमळतो, आणि तृतीयपुरुषी शेवट आवश्यकतेपेक्षा लांबला आहे. तरीही जीर्ण फितीतून चेहरा उमटण्याचा तो प्रसंग आज अधिकच अर्थपूर्ण वाटतो. कारण संग्राहकाच्या कपाटातील कॅसेटच्या बाबतीत आज नेमके तेच घडत आहे. कुणीतरी बिघडलेल्या फितीतून चित्र परत मिळवीत आहे आणि त्या चित्रात काय दिसावे हे ठरविणाराही तोच आहे.

मर्यादा हाच आशय

थॉमस विंटरबर्ग यांचा 'फेस्टेन' (१९९८) हा डॅनिश चित्रपट याच पिढीतला; मात्र नशिबाने थोर. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी तो पर्यटकांच्या हाती असतो तशा छोट्या सोनी कॅमेऱ्याने टिपला आणि कान महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळाले. वडिलांच्या साठीच्या मेजवानीत थोरला मुलगा त्यांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराचा भर पंगतीत उच्चार करतो, हा त्याचा गाभा. 'डॉग्मे ९५' या गटाच्या नियमावलीत कृत्रिम प्रकाशयोजनेला बंदी होती, कॅमेरा हातात धरणे सक्तीचे होते, आणि गंमत अशी की अंतिम प्रत ३५ मिलिमीटर फिल्मवरच असावी असाही नियम होता! म्हणजे हा डिजिटल चित्रपट सेल्युलॉइडवर चढवूनच दाखविला गेला. त्यामुळे तो टिकला, अभिलेखागारांत गेला आणि अभ्यासक्रमांतही आला.

'फेस्टेन'मध्ये रात्र वाढत जाते तसे चित्र विरत जाते. मेणबत्तीच्या उजेडात चेहऱ्यांच्या कडा विस्कटतात, काळोखात रंगीत ठिपके वळवळू लागतात. छोट्या कॅमेऱ्याच्या संवेदकाची ती असमर्थता होय. परंतु प्रतिष्ठित घराण्याची प्रतिमा डोळ्यांदेखत विरघळत असताना पडद्यावरील प्रतिमाही विरघळावी, यातील औचित्य कोणत्याही महागड्या कॅमेऱ्याला साधले नसते. येथे माध्यमाची मर्यादा हाच आशय आहे. पेद्रो कोस्ता यांच्या 'इन व्हांडाज रूम' (२०००) या पोर्तुगीज चित्रपटातील अंधाऱ्या खोलीबद्दलही असेच म्हणता येईल. तेथे एकटा दिग्दर्शक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन पाडल्या जाणाऱ्या वस्तीत दीर्घकाळ राहू शकला, हेच त्या चित्रपटाच्या शैलीचे मूळ आहे.

याचा पुनरुज्जीवनाच्या व्यवहाराशी थेट संबंध आहे. सेल्युलॉइडवरील जुना चित्रपट निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केला तर पूर्वी कधी न दिसलेला तपशील प्रकट होतो. कारण तो निगेटिव्हमध्ये असतोच. डीव्हीवरील चित्रपटाची गोष्ट वेगळी. डॅनी बॉइल यांच्या '२८ डेज लेटर' (२००२) या चित्रपटाचा बहुतांश भाग कॅनन एक्सएल-१ या डीव्ही कॅमेऱ्याने टिपलेला आहे. निर्मनुष्य लंडनची ती पहाटेची दृश्ये कितीही मोठ्या पडद्यावर नेली तरी त्यांतील तपशील वाढत नाही, कारण जेवढे टिपले तेवढेच तेथे आहे. असे असताना आता संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जुन्या प्रतिमांत कडा, त्वचेची पोत, केसांचे धागे 'भरून' देण्याची पद्धत सुरू झाली आहे. मोनार्कच्या टेबलावरील चेहरा येथे पुन्हा आठवतो. यंत्राने रचलेला तपशील आणि कॅमेऱ्याने टिपलेला तपशील यांत फरक करण्यास नवी प्रत असमर्थ असते. तो फरक सिद्ध करावयाचा तर त्या काळातील कॅसेटच समोर असावी लागते. तिच्यात तपशील कमी असेल, पण तिने स्वतःचे काही घातलेले नसते.

'ब्लेअर विच'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यातील व्हिडिओचा भाग हाय-एट या फितीवर टिपलेला होता. चित्रपटगृहासाठी तो फिल्मवर चढविला गेला आणि घरोघरी गेलेल्या प्रतींतही फिल्मवरून उतरविलेले तेच चित्र राहिले. मूळ फितींकडे परत जाऊन तयार केलेली आवृत्ती ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होण्यास २०२४ साल उजाडले. इतक्या गाजलेल्या चित्रपटाची ही कथा, तर ज्यांची नावेही कोणी घेत नाही त्यांचे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कपाट, वाचनालय आणि लिलाव

संग्राहक नेमके काय करतो? तो निवडतो. व्हिडिओ लायब्ररी बंद होताना कॅसेटचे ढीग किलोच्या भावाने निघतात. त्यांतील मोठ्या कंपन्यांचे चित्रपट तो बाजूला ठेवतो, कारण ते कोठेही मिळतात. घरगुती छपाईचे वेष्टन, अनोळखी नाव आणि मागे केवळ एक टपालपत्ता असलेली कॅसेट तो उचलतो. या निवडीमागे उपलब्धतेचे, दुर्मिळतेचे आणि बरेचदा कलात्मक जाणिवेचेही निकष असतात. ते लिखित नसतात एवढेच. रूढ अभिरुचीने टाकून दिलेले उचलणे हा साहित्याच्या इतिहासातही पुनर्मूल्यांकनाचा आरंभबिंदू राहिला आहे.

न्यूयॉर्कमधील 'किम्स व्हिडिओ'चा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. योंगमन किम या कोरियन स्थलांतरिताने आपल्या धुलाई दुकानाच्या जोडीने १९८० च्या दशकात कॅसेट भाड्याने देण्यास आरंभ केला. पुढे तो संग्रह सुमारे ५५ हजार शीर्षकांवर गेला. इतरत्र न मिळणारे ते किमकडे मिळते, अशी त्याची ख्याती होती. त्यातील काही प्रती सरळ सरळ अनधिकृत असत, हेही लपविण्याचे कारण नाही. व्यवसाय बंद करण्याची वेळ आली तेव्हा किम यांनी अट घातली की संग्रह फोडला जाऊ नये आणि जुन्या सभासदांना तो खुला राहावा. सिसिलीतील सालेमी या छोट्या गावाने तो २००९ मध्ये स्वीकारला. तेथे त्याची आबाळ झाली. संग्रह कुलूपबंद राहिला आणि अखेर २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका चित्रपटगृहाच्या आश्रयाने परत आला. या साऱ्या प्रवासावर २०२३ मध्ये माहितीपटही आला. किम यांच्या अटीतील दुसरा भाग, म्हणजे खुलेपणाचा, हा पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता, हे मात्र त्या चर्चेत काहीसे मागे पडले.

शिक्षणसंस्थांनी या क्षेत्रात उशिरा का होईना पाऊल टाकले आहे. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५ मध्ये भयपट आणि तत्सम सवंग मानल्या गेलेल्या चित्रपटांच्या सुमारे २७०० व्हीएचएस कॅसेट विकत घेतल्या. हा संग्रह प्रामुख्याने १९७० आणि १९८० च्या दशकांतील आहे, म्हणजे येथे चर्चिलेल्या कालखंडाच्या आधीचा. पण त्यातून प्रस्थापित झालेले तत्त्व मोलाचे आहे. सवंग म्हणून बाजूला ठेवलेली वस्तू जेव्हा ग्रंथालयाच्या तालिकेत प्रवेश करते, तेव्हा तिच्याविषयी प्रश्न विचारता येतात. वेष्टनावरील चित्र, मुख्य चित्रपटापूर्वीच्या जाहिराती, भाड्याच्या दुकानाचा शिक्का ही सारी सामग्री त्या काळातील प्रेक्षकाविषयी बोलू लागते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे लिलावाचा बाजार. जून २०२२ मध्ये अमेरिकेत 'बॅक टू द फ्युचर'ची वेष्टन न फोडलेली एक कॅसेट ७५ हजार डॉलरला विकली गेली. अशा कॅसेटना प्रत ठरवून, दर्जाचा आकडा देऊन, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद केले जाते. जी कॅसेट कधीच यंत्रात जाणार नाही, तिच्या फितीवर चित्रपट आहे की कोरी फीत, याने काहीच फरक पडत नाही. या व्यवहाराला संग्रह हा शब्द वापरणे अवघड आहे. तो ठेवीचा एक प्रकार होय. दुर्दैवाने फितीच्या संग्रहाविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते ते बहुधा अशा किमतींविषयीच असते.

संग्राहकांमधील स्मरणरंजनाविषयीही एक आक्षेप नोंदवावयास हवा. फितीवरील ओरखडे, थरथर, रंगांचा पसारा यांतच चित्रपटाचे सौंदर्य आहे, असा एक पंथ निर्माण झाला आहे. २०१२ चा 'व्ही/एच/एस' हा भयपट तर डिजिटल पद्धतीने टिपलेल्या चित्राला फितीचे दोष चिकटवून तयार झाला. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. 'फेस्टेन'मधील ठिपके ही दिग्दर्शकाची स्वीकारलेली मर्यादा आहे. तिसऱ्या पिढीच्या कॅसेटवरील थरथर हा नकलेचा अपघात आहे. पहिली गोष्ट आशयाचा भाग, दुसरी वितरणाच्या इतिहासाचा. या दोहोंत विवेक करणे हे समीक्षकाचे काम आहे, आणि संग्राहक ते करीत नाही म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी समीक्षकाने तरी ते किती केले, हे विचारावे लागेल.

मालेगावचा धागा

हा विषय केवळ न्यूयॉर्क वा कोपनहेगनचा नाही. यंत्रमागांच्या मालेगावात व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' व्हिडिओ कॅमेऱ्यावर तयार केला. संकलनासाठी व्हीसीआर, ट्रॉलीसाठी सायकल, क्रेनसाठी बैलगाडी असा तो संसार होता. यंत्रमाग कामगारच नट आणि यंत्रमाग कामगारच प्रेक्षक. काही वर्षांतच ही मंडळी डिजिटल कॅमेऱ्याकडे आणि हिरव्या पडद्याच्या करामतींकडे वळली. 'मालेगाव का सुपरमॅन'च्या निर्मितीचे चित्रण फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात आहे. त्यात कॅमेराच पाण्यात पडतो आणि सारे काम थांबते, तो प्रसंग पाहिलेल्यास विसरता येत नाही. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२४) या चित्रपटाने ही कथा आणखी दूरवर नेली.

येथे एक विसंगती आहे. मालेगावच्या चित्रपटांविषयी जे बोलले आणि लिहिले जाते ते जवळजवळ सर्वस्वी त्यांच्या निर्मात्यांच्या धडपडीविषयी असते. सायकलच्या ट्रॉलीचे कौतुक होते, पण त्या ट्रॉलीवरून टिपलेल्या दृश्याचे विश्लेषण होत नाही. मूळ 'शोले'तील दरोडेखोर, ठाकूर, गाव यांची सत्तारचना मालेगावी बोलीत उलटीपालटी होताना कोणता विनोद निर्माण होतो आणि तो कुणावर असतो, हा साधा प्रश्नही क्वचितच विचारला गेला आहे. गरिबीतून केलेल्या कल्पकतेचे कौतुक हे समीक्षा टाळण्याचे सोयीस्कर साधन ठरते. चित्रपट पाहूनच बोलावयाचे तर त्याची प्रत लागते; कोणती प्रत, कितव्या पिढीची, काटछाट झालेली की पूर्ण, याची नोंद लागते. येथेच संग्राहकाची गरज भासते.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे मुख्य लक्ष सेल्युलॉइडवर राहिले, हे त्याच्या जन्मकाळाचा विचार करता स्वाभाविकच आहे. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, याची हळहळ दरवर्षी व्यक्त होते. त्या पिढीला निदान आपण काय गमावीत आहोत याची पूर्वसूचना मिळालेली नव्हती. चुंबकीय फितीच्या बाबतीत ती सबब सांगता येणार नाही.

वेळ आणि यंत्र

युनेस्को आणि ध्वनी-दृक् अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितीविषयी जो इशारा दिला, त्यात २०२५ हे वर्ष मर्यादा म्हणून सांगितले होते. त्यानंतर फिती वाचणारी यंत्रे नेहमीच्या वापरासाठी उपलब्ध राहणार नाहीत, असा त्याचा आशय होता. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्येच व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. म्हणजे फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकेल याची शाश्वती नाही. आणि फीत तरी कुठे टिकते? पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण धरून ठेवणारे जे बंधक द्रव्य असते, ते हवेतील ओलावा शोषून चिकट होते. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात राहिलेली कॅसेट उजेडाकडे धरावी. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ती तशीच यंत्रात घातली तर व्हीसीआरच्या हेडला बुरशी लागते आणि पुढची चांगली कॅसेटही बाधित होते. शिवाय अमेरिकेतून आलेली एनटीएससी पद्धतीची कॅसेट केवळ पॅल पद्धत जाणणाऱ्या आपल्याकडील यंत्रावर नीट चालत नाही, ही आणखी एक अडचण.

चालविली तर झिजते, न चालविली तर कुजते, अशा पेचात कॅसेट असते. म्हणून एकदाच, स्वच्छ केलेल्या यंत्रावर, काळजीपूर्वक उतरवून घेणे हा व्यवहार्य मार्ग मानला जातो. पण येथेही अभ्यासकाच्या सहभागाविना हानी होते. उतरवून घेणारा हौशी संग्राहक चित्रपट जेथे सुरू होतो तेथून प्रत सुरू करतो आणि श्रेयनामावली संपली की थांबवितो. आरंभीचे रंगपट्टे, आधीच्या जाहिराती, मध्येच वर राहून गेलेला पूर्वीचा एखादा कार्यक्रम हे सारे निरुपयोगी समजून गाळले जाते. कोणत्या यंत्रावर, कोणत्या गतीने, कोणत्या प्रतीवरून उतरविले याची नोंद राहत नाही. संगणकात चित्र आले म्हणून कॅसेट टाकून दिली जाते, आणि पुढे यांत्रिक सुधारणेचा वाद उपस्थित झाला तर पुरावाच उरत नाही.

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना हे काम अशक्य नाही. एक चालू स्थितीतील बहुपद्धती व्हीसीआर, कोरडे कपाट आणि ग्रंथतालिकेच्या धर्तीवर भरावयाची नोंदपत्रे, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. नोंदपत्रात शीर्षक आणि दिग्दर्शकाबरोबर फितीची पद्धत, ध्वनिमुद्रणाची गती, वेष्टनाचे वर्णन, फितीवरील दोषांची ठिकाणे आणि कॅसेट कुणाकडून कशी आली याचाही समावेश असावा. फीत अगदी अखेरपर्यंत, कोऱ्या भागापर्यंत पाहावी. अशा कॅसेटच्या शेवटी पुष्कळदा काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत दिग्दर्शकाच्या घरचा पत्ता आणि प्रतीची किंमत दिलेली असते. हे चित्रपट कुणी, कुठून, कितीला विकले याचा त्याखेरीज दुसरा पुरावा बहुधा कोठेही नसतो.